आठवणी माळव्याच्या : अग्रलेखाची कोरी जागा



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. कारण घरगुती आहे. मागच्या महिन्यात मुलगा म्हणाला, "बाबा, पेपर आता बंद करू या. तुम्ही सोडून कुणी वाचत नाही, रद्दी साठते, आणि बातम्या तर फोनवर येतातच." हिशेबाने त्याचं म्हणणं बरोबर. मी आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे हिशेबात त्याला खोडून काढता येईना. मी एवढंच म्हटलं, "थोडा थांब, तुला लिहूनच दाखवतो." लिहायला बसलो तर सुरुवात आजोबांपासून करावी लागली. मजकूर लांबला आहे. चहा घेऊन बसा.

आजोबा देवासच्या थोरल्या पातीत कारकून होते. नव्या पिढीसाठी सांगतो, देवास म्हणजे एका गावात दोन संस्थानं. अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजांबरोबर माळव्यात आलेले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू. त्यांच्या घराण्यांच्या दोन गाद्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. चामुंडेच्या टेकडीखाली गाव एकच, पण राजवाडे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन. धारला पवारांचीच आणखी एक गादी. आपली बहुतेक घराणी यांच्याच आधाराने इकडे आली. कुणी फडणिशीत, कुणी पागेत, कुणी देवघरात, कुणी शाळेत.

आजोबा गमतीने सांगायचे, थोरल्या पातीबद्दल काही बोलायचं असेल तर रस्ता ओलांडून धाकट्या पातीत जायचं, आणि धाकटीबद्दल बोलायचं असेल तर परत इकडे यायचं. गंमत खरी, पण तिच्यामागची भीतीही खरी. आजीचा दंडक होता की दरबारचा विषय निघाला की आधी खिडकी लावून घ्यायची. त्यांच्या आठवणीत दरबाराला प्रश्न विचारणारं वर्तमानपत्र गावात नव्हतंच. पुण्याहून टपालाने "केसरी" यायचा. एक अंक पाच घरं फिरायचा. आजोबा म्हणायचे, इंग्रज सरकार काय करतंय ते आम्हाला पुण्याहून कळायचं, पण समोरच्या राजवाड्यात काय चाललंय ते विचारायची सोय नव्हती.

याच्या मागे कायदाही होता. संस्थानिकांबद्दल अप्रीती निर्माण होईल असं लिखाण ब्रिटिश मुलखात छापणं हा गुन्हा ठरवणारा कायदा १९२२ मध्ये झाला. म्हणजे राजाच्या हद्दीत लिहिता येत नाही म्हणून मुंबईला जाऊन छापावं, तर तिथेही बंधन. हे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळाने मांडूच दिलं नव्हतं. मग व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून ते कायद्यात आणलं. १९३४ मध्ये संस्थानांना संरक्षण देणारा आणखी एक कायदा झाला. राजेमहाराजांना छापील शब्दाची इतकी धास्ती!

मग व्हायचं काय? डिसेंबर १९२७ मध्ये थोरल्या पातीचे युवराज विक्रमसिंहराव वडिलांशी बेबनाव होऊन देवास सोडून गेले. हा प्रकार साधा नव्हता. विषप्रयोगाच्या भीतीची भाषा झाली होती. आजोबा सांगायचे की त्या आठवड्यात गावात सात गोष्टी फिरत होत्या आणि सातही गोष्टी "आतल्या माणसाने सांगितल्या" होत्या. कुणाचा तरी स्वयंपाकी, कुणाचा तरी सईस. महाराजांची बाजू घेणाऱ्यांकडेही पुरावा नव्हता आणि युवराजांची बाजू घेणाऱ्यांकडेही. संस्थान कर्जात बुडत गेलं. १९३३ मध्ये तुकोजीराव महाराज पाँडिचेरीला, म्हणजे फ्रेंचांच्या हद्दीत, निघून गेले आणि १९३७ मध्ये तिथेच वारले. ज्यांच्या जिवावर संस्थान चालत होतं त्या रयतेला खजिन्यात किती उरलं आणि किती देणं झालं, हे विचारायला जागा नव्हती.

आमच्या घराला ही हकिगत सलग, छापील स्वरूपात वाचायला मिळाली ती फार नंतर, आणि तीसुद्धा इंग्रजीत. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२-१३ मध्ये देवासला येऊन गेला होता आणि १९२१ मध्ये काही महिने महाराजांचा खासगी चिटणीस होता. त्याने त्या वेळच्या पत्रांवरून "द हिल ऑफ देवी" हे पुस्तक १९५३ मध्ये लंडनला काढलं. पुस्तक चांगलं आहे, पण फॉर्स्टरचा महाराजांवर लोभ होता, आणि लोभाने पाहिलेली ती एक बाजू आहे. दुसरी बाजू खिडक्या लावलेल्या घरांत राहिली आणि त्या माणसांबरोबर गेली. इतकी मोठी घडामोड, आणि गावाने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद आमच्याकडे एकही नाही.

हेच युवराज पुढे १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक जाऊन शहाजी महाराज झाले. कोल्हापूरचं नाव निघालं म्हणून तिथली एक जुनी गोष्ट सांगतो. १८८२ साल. "केसरी" आणि "मराठा" जेमतेम दीड वर्षाचे होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ होतो आहे, आणि कारभारी माधवराव बर्वे यांचा त्यात हात आहे, असं या पत्रांनी छापलं. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर आरोप केला होता ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून ते २६ ऑक्टोबरला सुटले. पुढच्याच वर्षी ते महाराज अहमदनगरला नजरकैदेत असताना वारले.

लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा मला फक्त तुरुंगातला पराक्रम दिसला. बँकेत नोकरी लागल्यावर दुसरी गोष्ट दिसायला लागली. काळजी मोठी होती आणि खरी होती, पण हातातला कागद खोटा होता. चूक झाली. मात्र ती कुणाची हे विचारायला कुणाला गावभर फिरावं लागलं नाही. पत्रावर नाव होतं, पत्ता होता. बर्व्यांना दाद मागता आली आणि संपादकांना किंमत मोजावी लागली. देवासच्या त्या सात गोष्टींपैकी किमान सहा तर खोट्या असणारच, पण त्यासाठी कुणावर फिर्याद करणार? सइसावर?

बँकेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं, की सही नसलेलं व्हाउचर पास करायचं नाही. आकडा बरोबर असला तरी नाही. कारण उद्या तो चुकीचा निघाला तर जबाबदार कोण? वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, कुठे छापलं. ती ओळ आपण कुणी वाचत नाही. १८६७ च्या कायद्याने ती सक्तीची केली. हा कायदा इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी, लेखकाला धरता यावं म्हणून केला होता, पण माझ्या मते ती ओळ वाचकाच्याही कामाची आहे. बातमी आणि कुजबुज यांतला फरक त्या ओळीत आहे. बातमी दर वेळी खरीच असते असं मी म्हणत नाही. खोटी निघाली तर तिच्यामागे एक माणूस सापडतो, इतकंच.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, १९४८ मध्ये मध्य भारत झालं, १९५६ मध्ये मध्य प्रदेश. आपल्या भागात सकाळ व्हायची ती इंदूरच्या "नई दुनिया"ने. १९४७ मध्ये निघालेला हा हिंदी पेपर, पण तो नावारूपाला आणणाऱ्यांत एक आपल्यातलेच मराठी गृहस्थ होते, राहुल बारपुते. कुमार गंधर्व ३० जानेवारी १९४८ ला आजारपणात देवासला आले आणि इथलेच झाले, हे समूहात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या अगदी जवळच्या मित्रांत चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी, नाटकवाले बाबा डिके आणि हे बारपुते. मराठी घरात वाढलेला माणूस हिंदी पत्रकारितेत असा पाय रोवून उभा राहिला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

त्यांच्याबरोबर राजेंद्र माथुर. हे आपल्या धार जिल्ह्यातल्या बदनावरचे, १९३५ चा जन्म. कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता लिहू लागले. सगळे त्यांना रज्जूबाबू म्हणायचे. आणि तिसरे प्रभाष जोशी, जे तरुणपणी देवासजवळच्या सुनवानी महाकाल या खेड्यात शाळामास्तर होते. नंतर पेपरात आले. पुढे माथुर दिल्लीला "नवभारत टाइम्स"चे संपादक झाले आणि जोशींनी १९८३ मध्ये "जनसत्ता" काढला. धार आणि देवास ही नकाशावर शोधावी लागणारी गावं, पण हिंदी पत्रकारितेला दोन मोठे संपादक देण्यात त्यांचा वाटा आहे. ज्या गावात आजी खिडकी लावून बोलायची, त्याच मातीत तीस वर्षांत हे घडलं.

आता १९७५. इथून पुढचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

मी तेव्हा धारला एका बँकेच्या शाखेत कारकून होतो. शनिवारी इंदूरमार्गे देवासला घरी यायचं, सोमवारी पहाटेच्या बसने परत. २५ जूनच्या रात्री आणीबाणी लागली. दिल्लीत पेपरांच्या छापखान्यांची वीज तोडली, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. त्या पहिल्या दिवसांतच एकदा सकाळी शाखेत "नई दुनिया" आला आणि अग्रलेखाची जागा कोरी होती. आमच्या दफ्तरीने अंक उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "बाबूजी, छापना भूल गए क्या?" हेड कॅशियर जुने माळवी गृहस्थ होते. नोटा मोजता मोजता मान वर न करता म्हणाले, "भूले नहीं. छापने नहीं दिया." मग दिवसभर प्रत्येक जण काही ना काही निमित्ताने त्या टेबलाशी येऊन ती कोरी जागा पाहून जात होता. पूर्ण भरलेला अग्रलेख इतक्या लोकांनी कधी वाचला नसेल.

दिल्लीच्या "इंडियन एक्स्प्रेस"नेही अशीच जागा कोरी सोडली होती. पुढे सेन्सॉरने कोऱ्या जागेवरही हरकत घेतली. म्हणजे गप्प बसायचं, आणि गप्प बसवलंय हेही दाखवायचं नाही.

देवासला आमच्या ओळीत एक मास्तर राहत. नाव लिहीत नाही. सरळ माणूस, संध्याकाळी मुलांची फुकट शिकवणी घ्यायचे. जुलैच्या सुरुवातीला पहाटे पोलीस आले आणि त्यांना मिसाखाली घेऊन गेले. कुठे नेलं ते सांगितलं नाही. कुणाला धरलं, कुठे ठेवलं, हे छापायला पेपरांना मनाई होती. मास्तरांच्या आई, आम्ही त्यांना माई म्हणायचो, रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. त्यांना वाचता यायचं नाही. माझ्या वडिलांना म्हणायच्या, "वाचा हो अण्णा, नाव आलंय का बघा." वडील पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. कुठे धरणाचं काम सुरू झालं, कुठे गाड्या वेळेवर धावू लागल्या, सोन्याचा भाव काय. माई सगळं ऐकून घ्यायच्या आणि उठून जायच्या.

पेपरात काही नसलं तरी गावात पुष्कळ होतं. कुणी म्हणे इंदूरच्या तुरुंगात आहेत, कुणी म्हणे भोपाळला नेलं. दहाव्या दिवशी कुणीतरी बाजारातून बातमी आणली की मास्तर गेले. कोणी सांगितलं? अमक्याने. त्याला कोणी सांगितलं? तमक्याने. काकूंनी अंथरूण धरलं. माईंनी अन्न सोडलं, नुसत्या पाण्यावर राहिल्या. पंधराव्या-सोळाव्या दिवशी इंदूरच्या तुरुंगातून पोस्टकार्ड आलं. मास्तर ठणठणीत होते, चष्मा फुटला होता म्हणून दुसरा पाठवायला सांगितलं होतं. पेपरात दोन ओळी छापून आल्या असत्या, "अमुक गृहस्थ इंदूर तुरुंगात आहेत", तर सरकारचं काय बिघडलं असतं? त्या घराला मात्र ते पंधरा दिवस पुरले. माई पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या नाहीत.

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हटलं की आपल्याला मोठे संपादक, मोठे खटले आठवतात. मला ओट्यावर बसलेल्या माई आठवतात.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर घरात सांगितलेली नाही.

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचं दर वर्षी हस्तलिखित निघायचं. अक्षर बरं म्हणून संपादक मी. त्या वर्षी मास्तरांच्या मुलीने, ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, दीड पान लिहून दिलं. "बाबांचं पत्र" असं नाव. त्यात राजकारण काही नव्हतं. पत्र येतं तेव्हा काही ओळी काळ्या केलेल्या असतात, मग आई आणि ती रात्री बसून त्या ओळींत काय असेल ते ओळखायचा खेळ खेळतात, एवढंच होतं. मला ते फार आवडलं होतं. पण माझी सरकारी बँकेतली नोकरी, दोन वर्षंही झाली नव्हती. बहिणीचं लग्न ठरायचं होतं. मला कुणी धमकी दिली नाही. कुणी काढ असंसुद्धा म्हटलं नाही. मीच रात्री बसून ते काढलं. आणि दीड पान मोकळं दिसायला नको म्हणून तिथे उकडीच्या मोदकांची कृती लिहिली.

इंदूरच्या संपादकांनी जागा कोरी ठेवली होती. मी ती भरली.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ती मुलगी हस्तलिखित बघायला आली. सगळी पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली, खाली ठेवलं आणि आरतीला जाऊन उभी राहिली. मला काही विचारलं नाही. मास्तर १९७७ च्या सुरुवातीला सुटून आले. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख नाही. कलम १९ मध्ये नागरिकाला भाषणाचं आणि मतप्रदर्शनाचं स्वातंत्र्य आहे, त्यातच वृत्तपत्रं आली. घटना समितीत हा प्रश्न निघाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की संपादक लिहितो तो नागरिक म्हणूनच लिहितो, त्याला निराळा हक्क द्यायची गरज नाही. पुढे पुण्याच्या "सकाळ"ने पानं आणि किंमत सरकारने ठरवण्याच्या कायद्याला आव्हान दिलं, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा याच कलमाच्या आधारे रद्द केला. मी कॉमर्सचा विद्यार्थी, मला तो खटला व्यापाराचा वाटला होता. आंबेडकरांचं म्हणणं नीट समजलं ते उशिरा. दिल्लीच्या संपादकाला जो हक्क, तोच गल्लीतल्या हस्तलिखिताच्या संपादकाला. मग जबाबदारीही तीच. माझ्यावर कुठला सेन्सॉर बसवला नव्हता, तो मीच माझ्यावर बसवून घेतला.

हल्लीची मुलं विचारतात, पेपर नसला तर सरकार स्वतःच चौकशी करेल की, एवढी खाती आहेत, ऑडिट आहे. त्यांना मी माझ्याच धंद्यातलं उदाहरण देतो. १९९२ च्या एप्रिलपर्यंत बँकांमध्ये काय कमी तपासणी होती? अंतर्गत ऑडिट, बाहेरचं ऑडिट, रिझर्व्ह बँकेची तपासणी. आम्ही शाखेत पाच रुपयांचा फरक निघाला तर रात्री दहापर्यंत बसायचो. आणि मुंबईत सरकारी रोख्यांच्या व्यवहारात बँक रिसीटच्या कागदावर शेकडो कोटी इकडून तिकडे जात होते. २३ एप्रिल १९९२ ला "टाइम्स ऑफ इंडिया"त सुचेता दलाल यांची बातमी आली की स्टेट बँकेत ५०० कोटींचा हिशेब लागत नाही. तिथून हर्षद मेहता प्रकरण उघडलं. त्या दिवशी आमच्या शाखेत सगळे खाली मान घालून काम करत होते. आपल्या घरातली चोरी शेजाऱ्याने सांगावी तसं वाटत होतं. पण शेजाऱ्याने सांगितलं हे बरं झालं, हेही प्रत्येकाला कळत होतं. आतल्या माणसाला बढती हवी असते, बदली नको असते. म्हणून विचारणारा बाहेरचा लागतो.

हीच गोष्ट माणसांच्या जिवाबद्दल. १९४३ मध्ये बंगालात माणसं रस्त्यावर मरत होती आणि युद्धाच्या नावाखाली ते दाबून ठेवलं जात होतं. २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या "स्टेट्समन"चे संपादक इयान स्टीफन्स यांनी त्याची छायाचित्रं छापली, तेव्हा कुठे जगाला कळलं. अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे की जिथे निवडणुका होतात आणि वृत्तपत्रं मोकळी असतात तिथे मोठा दुष्काळ पडून माणसं मरत नाहीत. चीनमध्ये १९५८ नंतरच्या तीन-चार वर्षांत कोट्यवधी गेले, कारण खालचे अधिकारी पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवत होते आणि ते खोटे आहेत हे छापणारं कुणी नव्हतं. खोटा ताळेबंद सगळ्यात आधी मालकालाच बुडवतो, हे कुठलाही बँकवाला सांगेल.

पेपर धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. निवडणुकीत पैसे घेऊन जाहिरात बातमी म्हणून छापायची, हा प्रकार २००९ मध्ये फार गाजला, आणि त्याविरुद्ध सगळ्यात जोरात आवाज उठवला तो आपल्या प्रभाष जोशींनीच. सत्तरी ओलांडलेला माणूस गावोगाव फिरून आपल्याच धंद्याची लाज काढत होता. त्याच नोव्हेंबरात ते गेले. सरकारची भीती आणि जाहिरातदाराचा पैसा, दोन्हींनी जागा भरली जाते. बाहेरून पान पूर्ण दिसतं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. बातम्या फोनवर येतातच ना?

फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच धार जिल्ह्यात, मनावर तालुक्यात काय झालं ते आठवा. बाहेरगावचे काही शेतकरी मजुरांना दिलेली आगाऊ रक्कम परत मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी आली अशी आवई उठली. जमावाने त्यांना गाठून दगडांनी, लाठ्यांनी मारलं. एकाचा जीव गेला, बाकीचे जबर जखमी झाले. त्या आवईच्या तळाला मुद्रक-प्रकाशकाची ओळ नव्हती. मला यात १९२७ चं देवास दिसतं. तेव्हा कुजबुज एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जायला दिवस लागायचा. आता दोन मिनिटं लागतात, फरक एवढाच. आपल्या या समूहावरही रोज सकाळी काय काय येतं आणि आपण न वाचता पुढे ढकलतो, ते आपण जाणतोच. मीही ढकललं आहे.

म्हणून मुलाला सांगितलं की पेपर चालू राहील, बिल माझ्या पेन्शनमधून जाईल. फोनवर वाचायचं असेल तर अवश्य वाच, पण खाली नाव कुणाचं आहे ते बघ. नाव नसेल तर व्हाउचर पास करू नकोस. तो हसला. पण परवा एक निरोप पुढे पाठवण्याआधी मला दाखवायला आला, एवढं झालं.

शेवटचं एक. मागच्या वर्षी इंदूरला एका लग्नात मास्तरांची मुलगी भेटली. आता तीही आजी झाली आहे. जेवणाच्या रांगेत शेजारी उभी होती. पानात मोदक वाढला गेला, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "तुझं ते दीड पान मी काढलं होतं. तेव्हा घाबरलो होतो." ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माहीत आहे दादा. पण ती मोदकांची कृतीसुद्धा अर्धीच होती हो. पिठीला पाणी किती घ्यायचं ते लिहिलंच नव्हतं तुम्ही."

पन्नास वर्षं तिला ते पान पाठ होतं.

मी विचारलं, मूळ लेख आहे का जवळ? नाही म्हणाली. पुन्हा लिहून दे, आपल्या समूहावर टाकतो, तुझ्या नावाने. "बघते," म्हणाली. अजून आलेला नाही. येईल तेव्हा जसाच्या तसा टाकेन.

तुमच्यापैकी कुणाकडे त्या काळातली पत्रं, पेपरांची कात्रणं, धार-देवासच्या जुन्या हस्तलिखितांचे अंक असतील तर जरूर कळवा. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर खाली स्पष्ट लिहा, नाव माझंच आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.